खांबच्या झेब्र्याचे डोळे

ट्रक थांबला नाही. हायवेच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्ट्यावर पोचलेली समीक्षा दप्तरासकट उडी मारून मागे आली आणि आईच्या अंगावर आदळली.

मालूने घरी येऊन नवऱ्याकडे नुसतं बघितलं. पोपटच्या हातातला घास हातातच राहिला. मालूने डोळे वटारले की अख्ख्या खांब गावातली कुत्री भुंकायची थांबत, तिथे पोपटची काय कथा!

"उद्यापासनं पोरगी शाळंत जायची नाय," ती म्हणाली. "तुमच्या त्या पट्ट्यांना कोन इचारतो?"

पोपट हबकला. चौथीतली पोर हुशार होती आणि शाळा हायवेच्या पलीकडे. कोलाडला कोकण रेल्वे आली तरी हायवेवरची वर्दळ घटली नव्हती. पट्टे मारून घ्यायला त्यानेच सरकारी कचेरीत हेलपाटे घातले होते.

तो तडक शाळेतल्या बाईंकडे गेला. "बाई, रस्त्यावरच्या त्या पट्ट्यांना झेब्रा का म्हनतात?"

बाईंनी पुस्तकातलं चित्र दाखवलं. आफ्रिकेतलं घोड्यासारखं जनावर, अंगभर काळे-पांढरे पट्टे. त्याच्यावरूनच इंग्रजांनी रस्त्यावरच्या पट्ट्यांना हे नाव दिलं.

पोपट चित्राकडे बघत राहिला. तो पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा. तिथे अंग रंगतं, पीतांबर रंगतो, डोळे मात्र सगळ्यात शेवटी. तोवर कारागीर मूर्तीसमोर खुशाल बिड्या ओढतात. डोळे उघडले की सगळे गप्प.

"बाई," तो म्हणाला, "ह्याला डोळं हायत. आपल्या झेब्र्याला कुठं हायत?"

पण काढायचे कोणाचे? गणपतीचे सोज्वळ डोळे काही रस्त्यावर टाकता येत नाहीत. रविवारी भल्या सकाळी त्याने पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना सुपाएवढे डोळे रंगवले. घरी काहीच बोलला नाही.

सोमवारी त्याने मायलेकींना कसंबसं रस्त्यापर्यंत आणलं. ट्रक आला. करकचून ब्रेक लागला. मागची एस.टी.ही थांबली. ट्रकच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून डांबराकडे बघितलं आणि मुकाट्याने जा म्हणून हात केला. समीक्षा पट्ट्यापट्ट्यावर उड्या मारत शाळेत गेली.

मालूचा जीव भांड्यात पडला. मग तिने खाली नीट बघितलं. ती चढलेली भुवई, तो डोळ्याचा तापलेला कोपरा.

"आवो, ह्ये तर माझं डोळं!"

पोपट चार पावलं मागे सरकला.

"मंग कोनाचं काढू गो? ट्रक थांबवील आसं दुसरं कोनाचं डोळं मी बघितलंच नाय."