हलवलीस का?

“हलव, पोरी, हलव! औषध तळाशी राहिलं, तर दुखणंही तळाशीच राहील.”

मामाचा तो आवाज तिच्या कानात नव्हे, मनगटात राहत होता. मामा कंपाउंडर. सुट्टीत ती त्याच्या टेबलाशी उभी राहून बाटल्या हलवून द्यायची. त्या गोष्टीला वीस वर्षं झाली. पण सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत तिच्या चिमटीत ती कुपी आली, भुकटीवर पाण्याचे थेंब पडले, आणि मनगटानं मामाचं ऐकलं.

खळखळ, खळखळ. वर पांढरा फेस.

ती जागच्या जागी गारठली. प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “बाळाला न्हाऊ घालतेयस असं समज. हळूच कलंडवायचं, हलवायचं नाही. फेस आला की प्रथिन गेलंच म्हणून समज.”

हे प्रथिन म्हणजे माणसाच्या स्नायूवरचा रिसेप्टर. नस हाक मारते, तो ती झेलतो, तेव्हा कुठे हात उचलला जातो, पापणी उघडते. काहींचं स्वतःचं रक्तच वैरी होतं आणि या झेलणाऱ्याच्या जिवावर उठतं. तसं रक्त ओळखता यावं म्हणून माणसाचं जनुक दुसऱ्या पेशींत घालून हे प्रथिन बनवून घेतलेलं. चार महिने वाट पाहिल्यावर दोन कुप्या आल्या होत्या. प्लेटच्या इवल्या खळग्यांत ते चिकटवायचं, वर एकेकाच्या रक्ताचं निवळलेलं पाणी सोडायचं. रक्त वैरी असेल तर खळगा पिवळा होतो. निरोगी असेल तर नितळ राहतो.

ती कुणाला काही बोलली नाही. फेस बसेपर्यंत थांबली आणि प्लेट लावली. नोकरी कायम व्हायला एकच महिना उरला होता.

दुपारी आजाऱ्यांचे खळगे पिवळे झाले. निरोगी माणसांचे दहाही नितळ राहायला हवे होते. नऊ राहिले. सातवा लिंबासारखा पिवळाधमक.

मॅडम कितीतरी वेळ प्लेटकडे बघत होत्या. डावी पापणी नेहमीसारखी अर्ध्यावर आलेली. फ्रीजर सांभाळणारे काका म्हणायचे, “मॅडमचा एक डोळा जेवण झालं की झोपायला जातो. दुसरा आपल्यावर पहारा ठेवतो.”

“कुपी हलवलीस का?”

“नाही, मॅडम.”

“आठवून बघ. थोडीशी?”

“नाही.”

मॅडमनी निरोगी रक्तदात्यांची वही मिटली आणि आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली. कुठल्या आकड्यामागे कोण, ते त्या एका वहीतच होतं.

मंगळवारी त्यांनी तिला जिन्यातच गाठलं. अर्ध्या वाटेवर कठडा धरून उभ्याच होत्या.

“हलवली असशील तर सांगून टाक गं. मी रागावणार नाही.” बोलता बोलता आवाज नाकात गेला.

‘रागावणार नाही’ म्हणणारी माणसंच हमखास रागावतात, ती मनाशी म्हणाली. “नाही हलवली, मॅडम.”

काकांनी खालून ऐकलं. “काय गं, त्या तुझ्यामागे हात धुऊन का लागल्यात?”

“मला काय माहीत?” ती म्हणाली.

बुधवारी मॅडमनी दुसरी, शेवटची कुपी तिच्या पुढ्यात ठेवली. “झाकण तूच काढ,” एवढंच म्हणून त्या आपल्या खोलीत गेल्या.

म्हणजे चूक झाली तर खापर आपल्याच डोक्यावर. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. मामा, आज गप्प बस. कुपी कलंडली, सावकाश, पाळण्यासारखी. फेसाचा एक बुडबुडाही नाही.

दुपारी प्लेट बघितली आणि तशीच उचलून ती मॅडमच्या दारात गेली. डोळे भरून आले होते.

“मॅडम, मी खोटं बोलले. सोमवारची कुपी मी हलवली होती. चांगली खळखळून.”

मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. चेहरा असा उजळला की तीच बावचळली.

“हलवलीस? खरंच? अगं मग सातवा त्यानंच पिवळा झाला! आधी नाही का सांगायचं, वेडे!”

“पण आजची नाही हलवली.” तिनं प्लेट पुढे ठेवली. “सातवा आजही पिवळाच आहे. प्रथिन चांगलं आहे, मॅडम. तो माणूसच आजारी आहे. वहीत बघा ना कोण ते. त्याला सांगायला हवं.”

मॅडम हळूच खाली बसल्या.

“आज जराही नाही हलवलीस?”

“जराही नाही.”

ड्रॉवरकडे त्यांचा हात गेला नाही. त्यांनी उतरलेली पापणी बोटानं वर उचलून धरली आणि दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

“वही कशाला गं,” त्या म्हणाल्या. “सात नंबर मीच.”