प्रस्ताव क्रमांक सत्तावीस

नऊ वाजून वीस मिनिटांनी पडद्यावरची रेघ थरथरायला लागली आणि भीमराज खिल्लारे खुर्चीतून ताडकन उठला.

"मॅडम, कुठंतरी ठिणग्या उडून राहिल्यात. जवळच."

सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या माळावर आठ मोठ्या अँटेना उभ्या होत्या. ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणं हे त्यांचं काम. भीमराज तिथला ऑपरेटर आणि दिपा राठोड केंद्रप्रमुख. दोन हजार तीनचा एप्रिल होता. त्या दिवसापासून चार दिवस, सकाळी नऊ ते चार, एकच तारा बघायचा होता. तो हळूहळू आपल्या जोडीदार ताऱ्याच्या आड जाणार होता. पुन्हा तसा योग साडेसहा वर्षांनी.

ही वेळ मिळाली होती प्रस्ताव क्रमांक सत्तावीसला. अर्जदाराचं नाव पुण्याचं कार्यालय कधी कळवत नसे. सगळ्यांना सारखी वागणूक मिळावी म्हणून केंद्राकडं नुसता नंबर यायचा. पण त्या नंबरामागं कुणीतरी वर्षानुवर्षं झिजलेलं असतं, हे भीमराजला ठाऊक होतं. राठोड मॅडमनीही महिनाभर आठही अँटेनांचे रिसीव्हर स्वतः तपासले होते. बाई कामाला फार कडक.

भीमराजनं मोटरसायकल काढली. हातातली छोटी अँटेना चारी दिशांना फिरवत, आवाज जिकडं वाढेल तिकडं जात तो दोन किलोमीटरवरच्या तांड्यात पोचला. तिथं हळद पॉलिश करायचा ड्रम घरघरत होता. त्याची मोटर भंगारातून आणलेली. आत निळ्या ठिणग्या उडत होत्या.

"मावशी, हे चार दिवस बंद ठेवावं लागतंय," तो पारुबाईला म्हणाला. तांड्यात तिचा शब्द चालायचा.

"चार दिवसांनी ड्रम सेनगावकडं चाललाय, भाऊ. मग महिनाभर येत न्हाई. आन वीज बी दिसाचीच, चारनंतर जाती. वीस घरची हळद वाळून पडलीया." तिनं वर बोट केलं. पश्चिमेकडून ढग चढत होते. "पाणी लागलं की रंग गेला."

"पण तुमी लिहून दिलंय. केंद्राचं काम चालू असताना ठिणगीचं मशीन बंद."

"व्हय, दिलंय," पारुबाई म्हणाली. "तुमच्या मॅडमचा सहीचा कागद आणा. लगेच बंद करतो. आमी शब्द फिरवत न्हाई."

भीमराज कागद तयार करूनच मॅडमसमोर उभा राहिला. मॅडमनी तो वाचला.

"हळद किती घरांची आहे?"

"वीस."

"आणि ढग?"

"हायेत."

मॅडमनी एकदा पडद्यावरच्या थरथरत्या रेघेकडं बघितलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ड्रम चालू दे."

भीमराजला पटेना. "मॅडम, साडेसहा वर्षं! नियम आपल्या बाजूनं हाय. ते लोक तयार हायेत. काहून सही करत न्हाई तुमी?"

"हळद साडेसहा वर्षं थांबणार नाही."

"ज्याची मेहनत त्यालाच ठाऊक," तो तडकून बोलला. "आपलं काय जातंय!"

"बरोबर आहे," मॅडम एवढंच म्हणाल्या आणि फोनच्या खोलीत गेल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा भीमराज दारातच उभा होता.

"ड्रम बंद करायचा न्हाई ना? मग मी ती मोटर गप करतो."

"जा. स्टोअरमधून लागेल ते ने."

त्या दुपारी त्यानं ठिणग्यांच्या लहरी अडवायला मोटरीभोवती तांब्याची जाळी गुंडाळली. रेघ जराशी निवली, पण थरथर गेली नाही. मोटरीतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, झिजले होते. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या एसटीनं हिंगोलीला गेला. पाच दुकानं पालथी घातली. त्या मापाचे कार्बन नव्हतेच. मग त्यानं मोठे घेतले आणि तांड्यात बसून कानशीनं घासले. बोटं सोलपटली. पुनमचंद, ड्रमवाला, बघतच राहिला.

"एवढी तकलीफ कशाला घेता, साहेब?"

"एका माणसासाठी. नाव ठाऊक न्हाई मला त्याचं."

तिसऱ्या दिवशी दुपारी मोटर सुरू झाली आणि एकही ठिणगी उडाली नाही. भीमराज माळावर धावत आला. पडद्यावरची रेघ सरळ होती, स्वच्छ होती. पण तारा आड गेला होता. बघायचं ते पहिल्या दोन दिवसांतच होऊन गेलं होतं.

चौथ्या दिवशी तांड्यात पिवळीधमक पोती भरली गेली आणि सायंकाळी आभाळ फुटलं. भीमराजला त्याचा आनंद झाला नाही असं नाही. पण राग काही उतरेना. त्यानं पुण्याला पत्र लिहिलं. सत्तावीस नंबरवर अन्याय झाला आहे, त्याला भरपाईची वेळ द्यावी. हातात नियम असून केंद्रप्रमुखांनी तो वापरला नाही, त्यांना जाब विचारावा. पत्राची एक प्रत त्यानं मॅडमच्या टेबलावर ठेवली. चोरून काही करायचं नव्हतं.

मॅडमनी ती वाचली. "टपालात टाक," म्हणाल्या. "खरं आहे ते लिहिलंयस."

आठवड्यानं पुण्याहून, वेळ वाटून देणाऱ्या समितीच्या सचिवांचा फोन आला. भीमराजनंच उचलला.

"खिल्लारे, पत्र मिळालं. पण अर्जदाराची काही तक्रार नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी फोन करून वेळ सोडली होती."

"सोडली? कशी काय सोडली? सर, मला त्यांची माफी मागायची हाय. दोन दिवस उशीर झाला माझ्याकडून. त्यांचं नाव मिळंल का?"

"आता सांगायला हरकत नाही. अकरा वर्षं त्या याच एका ताऱ्यावर काम करतायत. घ्या लिहून." पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "दिपा गोपीचंद राठोड. पत्ता तुमच्याच केंद्राचा."