मुकुंदाचा शेवट

दिगंबरने जुन्या बाजारातून शोधून आणलेला ‘पंचतारा’ कॉमिकचा तिसरा अंक टेबलावर ठेवला, तेव्हा हेमांगीने आधी त्याचा वास घेतला. मिरजेच्या रेल्वे कॉलनीत लहानपणी त्या दोघांनी आणि मुकुंदाने वाचून वाचून याच अंकाच्या चिंध्या केल्या होत्या. पाच वीर पहिल्यांदा एकत्र येतात, तो हा अंक. त्यांच्या प्रतीला शेवटचं पान मात्र कधीच नव्हतं.

“सावकाश उलट रे,” हेमांगी म्हणत होती, तरी शेवट आलाच. धुमसत्या बेटावर वीजकन्या एकटी मागे राहिली होती, आणि बाकीचे चौघे विमानात बसून निघून गेले होते. बस्स, एवढंच.

“हे काय? ते तिला न्यायला परत येतात ना?”

“ते मुकुंदाने रचलेलं होतं, हेमे. पान नव्हतं म्हणून.”

मुकुंदा जाऊन वर्ष होत आलं होतं. हेमांगीने अंक मिटून बाजूला सारला. “मग तेच सांग. त्याच्यासारखं, हातवारे करून.”

दिगंबर उठून उभा राहिला. त्याने विमान वळवलं, वादळ आणलं, चौघांना धुरात उतरवलं. वीजकन्या सापडली. “आणि मग ती त्यांना म्हणते…”

तो अडखळला. त्या वाक्याला तिघंही पोट धरून हसायची, एवढंच त्याला आठवत होतं. त्याने आशेने हेमांगीकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, आणि तसेच थांबले.