आठ खुर्च्यांचा गारवा

ओइवाने तळघरातली, सासऱ्यांनी बांधून दिलेली जुनी सौना, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाफ घ्यायची खोली, पाडली आणि तिथे घरगुती सिनेमाची खोली काढली. आमच्या फिनलंडात सौना पाडणं म्हणजे देव्हारा उचलून तिथे टीव्ही मांडणं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. खोली गार ठेवायचा आराखडा मला करायचा होता.

"एसीचा आवाज अजिबात नको," तो गुरकावला. "या खोलीत मला काहीही ऐकू येता कामा नये."

"त्याला कुठल्याच खोलीत काही ऐकू येत नाही," त्याची बायको हेल्का दारातूनच म्हणाली.

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. प्रोजेक्टरची उष्णता धरली, अँप्लिफायरची धरली.

"आता माणसांची. अंगाचीही ऊब हिशेबात घ्यावी लागते. किती जण बसणार?"

"आठ! दर शनिवारी घर भरलेलं असतं आमचं. खुर्च्या दिसत नाहीत का?"

"एक धरा," हेल्का म्हणाली.

"एक? अगं, आपली सगळी मंडळी येतात ना!"

"ती सौनासाठी यायची, ओइवा." तिने कोटाचं शेवटचं बटण लावलं. "मीसुद्धा."