ग्रंथालयाची खोली

सरकारी शाळेचं छप्पर उडालं तरी शाळा तपासणाऱ्या साहेबांची मोजायची टेप खिशातून बाहेर निघत नसे. खासगी शाळा मात्र तिच्यापुढे हमखास तोकडी पडायची. मास्तरांची शाळा त्यांच्या राहत्या घरातच भरायची. ग्रंथालयाला वेगळी खोली नाही म्हणून गेल्या वर्षी साहेबांनी शाळेची मान्यता अडवली होती. यंदा त्यांनी आतली खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजली आणि मान डोलावली. पुस्तक एकही उघडलं नाही. पुस्तकांशी त्यांचं काय काम?

“गेल्या वर्षी हीच खोली मागितली, तर साफ नाही म्हणालात, मास्तर!”

“तेव्हा हिचा पलंग होता इथं.”

“हां, त्या पडूनच असायच्या, नाही का? मग आता कुठं हलवलंत?”

“गेली ती, साहेब.”

“अरेरे,” साहेब टेप गुंडाळत म्हणाले. “पण बघा, मनावर घेतलं की जागा निघते. आता पुढच्या वर्षी प्रयोगशाळेला एक खोली काढा, नाहीतर मान्यता गेलीच समजा.”

“निघेल की,” मास्तर म्हणाले. “घरात अडचण म्हणून आता मी एकटाच उरलोय.”