गोळी न लागणारा

सिनेमातल्या वीराने तोफेचा गोळा उघड्या छातीवर झेलला, चेंडूसारखा हातात फिरवला आणि शत्रूच्या छावणीवर भिरकावला. अख्खं थिएटर ओरडलं. बाल्कनीत थोरल्या जावेपासून दोन खुर्च्या पलीकडे तिचा पुतण्या उठला, खुर्चीवर चढला आणि तोंडात दोन बोटं घालून शिट्ट्या मारत नाचू लागला. दोन्ही पायांवर.

दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडल्यापासून त्याचा डावा पाय जमिनीला नीट टेकत नव्हता. काठीशिवाय तो जिना चढत नसे. ती काठी आता खुर्चीवरून घसरली आणि गडगडत थोरलीच्या चपलेला लागून थांबली.

थोरलीने वाकून काठी उचलली. पडद्यावर छावणी जळत होती. त्या उजेडात ती पुतण्याचा डावा पाय बघत राहिली. चांगला पाय होता. घोट्यात जोर होता.

मधल्या खुर्चीवरच्या धाकटीने, म्हणजे त्याच्या आईने, त्याचा सदरा खाली ओढला. तो मटकन बसला. मग त्याने हळूच थोरलीकडे पाहिलं. तोवर तिची नजर पडद्यावर गेली होती.

"मी म्हणत नव्हते, जाऊबाई?" धाकटी कुजबुजली. आवाज जरा जास्तच गोड होता. "घरात बसून भिंती बघण्यापेक्षा हे बरं. मन रमतं."

"रमलं बाई," थोरली म्हणाली. "आत्ताच रमलं."

सिनेमा संपला. बाल्कनीच्या दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी, भरतीवाल्यांनी टेबल मांडलं होतं. वर वीराचं चित्र, खाली शाई आणि टाक. गणवेशातला अधिकारी बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला हसून विचारत होता. थोरलीलाही त्याने विचारलं, "कसा वाटला सिनेमा, आई?"

"चांगला आहे. पोरांना आवडेल."

"आणि तुम्हाला?"

"मला तो वीर काही पटला नाही, साहेब. त्याला गोळी लागत नाही हे सुरुवातीलाच कळतं. त्यालाही ठाऊक असतं. मग पुढे जायला छाती कशाला लागते? माझ्या पोराला गोळी लागू शकत होती. त्याला ते माहीत होतं. तरी गेला."

अधिकाऱ्याचं हसू मावळलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मग काहीतरी बोलायचं म्हणून तो पुतण्याकडे वळला. पुतण्या रिकाम्या हातांनी भिंतीला टेकून उभा होता.

"आणि हा गडी? चांगला धडधाकट दिसतोय."

धाकटीची नखं थोरलीच्या दंडात रुतली. पुतण्याच्या कपाळावर घाम आला. काठी थोरलीच्या हातात होती. एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते तिच्या जिभेच्या टोकावर होतं. तिने ते तिथेच थोडा वेळ ठेवलं, खडीसाखर ठेवावी तसं.

"त्याला नका विचारू," ती म्हणाली. "पायाने अधू आहे बिचारा. तुम्हाला घरटी एक हवा होता ना, दोघा चुलत भावांतला? बोलावणं आलं त्याच आठवड्यात हा शिडीवरून पडला. म्हणून मग माझा गेला." तिने काठी पुढे केली. "घे रे. विसरलास."

पुतण्याने काठी घेतली. त्याचा डावा पाय आपोआप वाकडा झाला.

अधिकाऱ्याने मान हलवली आणि मागच्याला पुढे बोलावलं.

जिन्याच्या पहिल्याच वळणावर धाकटीला रडू कोसळलं. तिने थोरलीचे दोन्ही हात धरले. "जाऊबाई, तुम्ही पाहिलं होतंत. मला ठाऊक आहे तुम्ही पाहिलं होतंत. तुमचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत."

"उपकार कसले गं?" थोरलीने हात सोडवून घेतले. "बोलले असते तर उद्या गेला असता तिकडे. जातात त्यातले काही परतही येतात. दोन पायांनी चालत येतात, लोक हार घालतात. मग काय राहिलं असतं माझ्यापाशी?"

धाकटीला काही कळेना.

"आता तो कुठे जात नाही," थोरली म्हणाली. "इथेच राहील, माझ्या डोळ्यांसमोर. लग्न होईल, त्यात नाचायचं नाही. पोर होईल, त्याच्यामागे धावायचं नाही. आणि घरातला जिना एकच आहे आपला. वरच्या मजल्यावर तुम्ही, खाली मी. पायरीवर कोणाचा पाय कसा वाजतो ते मला ऐकू येतं."

"आणि चुकून नीट वाजला तर, मोठी आई?" पुतण्याने विचारलं. त्याचा आवाज लहान झाला होता.

"तर टेबल काही फार लांब नाही."

मागून शाळकरी पोरांचा लोंढा आला. हात पंखांसारखे पसरून, दोन-दोन पायऱ्या एकदम उड्या मारत. "काका, बाजूला व्हा, गोळा येतोय!" एकजण ओरडला. पुतण्या भिंतीला चिकटला. पोरं खाली उजेडात पोचली, आणि तो कठडा धरून, डावा पाय ओढत, काठी टेकत एकेक पायरी उतरू लागला.

थोरली बरोबर एक पायरी मागे चालत होती.

"सावकाश रे," ती म्हणाली. "अख्खा जन्म पडलाय."