पेंढ्याचा वास

भाताचा पेंढा. धरणाचं पाणी. कपाळाला चिकटवलेल्या अठरा तारा. ताटलीत एक आंबा.

गावाबरोबर धरणात बुडालेल्या शेंदऱ्या आंब्याच्या झाडाची चव प्रयोगशाळेने कुंदाताईंच्या कपाळाला त्या तारा लावून त्यांच्या आठवणीतून वाचून घेतली होती आणि तिच्यावरून नवं कलम घडवलं होतं. परसातल्या त्या कलमावर आज पहिलं फळ पिकलं होतं. चव पटली नाही, तर कलम आजच उपटून परत द्यायचं होतं.

त्यांच्या धाकट्या भावाने, सत्तरीच्या मोरूने, फोड चाखून तोंड वाकडं केलं.

"ताई, याला पेंढ्याचा वास येतोय. झाडावर पिकलेल्या आंब्याला पेंढा कुठून लागला? चुकलंय त्यांचं. देऊन टाक परत."

"त्यांचं नाही रे, माझं चुकलं. आपण शेंदऱ्या कधी झाडावर पिकलेला खाल्लाय? आईने कैऱ्या उतरवून पिकायला पेंढ्यात आढी लावायची, आपण त्यातला पळवायचा. मला आठवला तो आढीसकटच."

मोरूने दुसरी फोड डोळे मिटून कितीतरी वेळ हुंगली.

"राहू दे कलम," तो म्हणाला. "पण बाठा मला. लहानपणी सगळे तूच चोखलेस."

कुंदाताईंनी बाठा त्याला दिला आणि कलमाच्या बुंध्याशी तांब्याभर पाणी ओतलं.

आढीत आंबे कमी भरले की आई म्हणायची, मला कुठे आवडतो आंबा.